लावला मी स्क्रू!

…नाही, मला एक सांगा, पोरीचा चष्मा मोडलाय, पोरगी रडतेय, आणि समोर उभा कोण, तर चष्मेवाला! आता चष्मेवाल्यानं काय करायचं? आकाशाकडे बघायचं? ‘आज रविवार, दुकान बंद’ म्हणायचं? लावला मी स्क्रू! हो, लावला! आणि तुम्हाला सांगतो, मला त्याचा अजिबात म्हणजे अजिबात पश्चात्ताप नाही! आमच्या घरी विचाराल तर मी गुन्हेगार आहे. आमची ही तर आल्यागेल्याला माझी ओळखच तशी करून देते. ‘हे आमचे हे… ह्यांनीच स्क्रू लावला.’ म्हणजे बघा, इतकी वर्षं मी चष्म्यांच्या धंद्यात, अर्ध्या गावाला मी दिसायला लावलं, लोकांना आपल्या बायका नीट दिसल्या त्या माझ्यामुळे… त्यातले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते सोडा… पण ते सगळं गेलं कुठल्या कुठे, आणि राहिलं काय? एक स्क्रू! तांदळाच्या कणीएवढा! कणी मोठी हो त्याच्यापेक्षा!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हालाही वाटेल मीच चुकलो. पहिल्यापासून सांगतो.

आम्हाला मुलगी एकच. नाव मोठं झोकदार आहे, पण ते हजेरीपुरतं. घरीदारी ती मुंगी. कारण चालते तशी. खाली मान, सरळ रेघ, आणि वाटेत दुसरी कुणी भेटली की थांबून कानाला तोंड लावून काहीतरी कुजबुजणार. पाचवीत होती. शाळा घरासमोर, रस्ता ओलांडला की वर्ग, मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम गरम जेवून जायची. सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस आमची ही पोस्टातून आली… ही पोस्टात काउंटरला असते, म्हणजे गावातली बातमी आधी हिच्या खिडकीत येते आणि मग गावात जाते… तर आली, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, म्हणाली, ‘टेकडीवरच्या शाळेची परीक्षा आहे. सहावीपासून घेतात.’

मी म्हटलं, ‘घेऊ देत की.’

‘घेऊ देत की नाही! आपल्याला द्यायचीय!’

आता ही टेकडीवरची शाळा म्हणजे काय, तर बसणारे ढीगभर आणि जागा मूठभर. तिथून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस मोठाच होतो म्हणे, लहान राहायची तिथे सोयच नाही. मी म्हटलं, ‘अगं, मुंगी आहे तिथे सुखात आहे.’ तर म्हणाली, ‘सुखात आहे, हाच तर प्रॉब्लेम आहे!’ घ्या! मी ठणकावून सांगितलं, परीक्षेला बसू दे एक वेळ, पण क्लासबिस लावणार नाही, माझ्या घरात हे चालणार नाही! आणि सोमवारी मी स्वतः तिला स्कूटरवर बसवून क्लासला घेऊन गेलो.

क्लासचे सर म्हणजे काय वर्णू! उंची बेताची, आवाज लाउडस्पीकरसारखा. पहिल्याच दिवशी आम्हा आईबापांना मुलांच्या त्या एवढ्याएवढ्या बाकांवर बसवलं. माझे गुडघे कानाला लागलेले. आणि सर सुरू, ‘पालकहो! आजपासून परीक्षा मुलांची नाही! तुमची आहे! टीव्ही बंद! पाहुणे बंद! लग्नंकार्यं बंद! घरात कुणी आजारी पडायचं नाही!’ माझ्या शेजारचे एक विम्याचे एजंट, ते हे सगळं भक्तिभावानं ऐकत होते. मी हात वर करून विचारलं, ‘सर, हसायचं का?’ सर म्हणाले, ‘रविवारी.’ गंमत नाही करत होते हो ते! तिथे मुलांना नावंच नव्हती. सगळ्यात हुशार पोरीला सगळे ‘टॉपर’ म्हणायचे, सर टॉपर म्हणायचे, बाकीची मुलं टॉपर म्हणायची, तिची स्वतःची आई टॉपर म्हणायची! आई औषधांच्या दुकानाची मालकीण, आमच्याच रस्त्याला दुकान. एकदा टॉपरला घेऊन माझ्याकडे आल्या, ‘फ्रेम हलकी द्या, नाकावर वजन आलं की हिचा स्पीड कमी होतो.’ दिली हलकी. चांगली होती फ्रेम, इतकी चांगली की तसलीच मी स्वतःला बसवून घेतली.

आणि गिऱ्हाईकं म्हणाल तर त्या वर्षी माझ्याकडे त्या क्लासची निम्मी मुलं! फळा दिसत नाही म्हणून. आता मी आपला नेहमीसारखा खुर्चीत बसवतो, एका डोळ्यावर झाकण, आणि म्हणतो, ‘हं बाळ, खालची ओळ वाच.’ तर पोरगं गप्प. म्हटलं, ‘वाच की, जे दिसेल ते सांग.’ तर विचारतं काय, ‘काका, चुकलं तर मार्क कापणार का?’ आता बोला! अहो, डोळे तपासतोय मी तुझे! तुला दिसत नाही एवढंच सांगायचंय, त्यालाही घाबरतोस?

बरं, अभ्यास तरी कसला? एका संध्याकाळी जेवताना मुंगी मला म्हणाली, ‘बाबा, हे सांगा. फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, ह्याच्या वडिलांची एकुलती एक मुलगी माझ्या नवऱ्याची आत्या लागते, तर हा तिचा कोण?’ मी घास तसाच हातात धरून विचार करतोय… वडिलांची मुलगी म्हणजे ह्याची बहीण… ती नवऱ्याची आत्या… म्हणजे हा नवऱ्याचा बाप… म्हणजे सासरा! अहो, सासरा! मी म्हटलं, ‘सासऱ्याला ही बाई ‘ह्याच्या’ म्हणते? वर बोट दाखवते? कोण आहे ही बाई, कुणी वळण लावलंय हिला?’ मुंगी म्हणाली, ‘बाबा, चुलत सासरापण असू शकतो ना? नवऱ्याच्या वडिलांचा भाऊ?’ बरोबर होतं हो पोरीचं! मी म्हटलं, ‘मग सरांना सांगितलंस का?’ तर म्हणाली, ‘सांगितलं. सर म्हणाले, पर्यायात नाही ना? मग चुलत सासरा नसतोच.’ एका फटक्यात माणूस काढून टाकला! घरातून!

इथपर्यंत मी हसत होतो, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू ती मुंगी चालायची तशी चालेना. म्हणजे सरळच चालायची, पण वाटेत कुणी भेटलं तरी थांबायची नाही. नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं लाल. जेवायला हाक मारली की ‘किती मिनिटं?’ असं विचारायची. एक दिवस मी उठलो आणि म्हटलं, बास! उद्यापासून बंद! पोरगी गेली खड्ड्यात असं म्हणायचं आणि मग तिला मोठं करायचं? असला व्यवहार मला नको! खूप बोललो. आमची ही ऐकत होती, भाजी चिरत होती. माझं झाल्यावर म्हणाली, ‘माझ्या भावाला बसवलं होतं असल्या परीक्षेला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. नापास झाले असते, तर तेही चाललं असतं हो मला.’ एवढंच. आणि परत भाजी चिरायला लागली. दुसऱ्या दिवशी गप स्कूटर काढली आणि मुंगीला क्लासला सोडलं. फक्त वाटेत थांबून दोघांनी आइस्क्रीम खाल्लं, एवढीच माझी बंडखोरी.

आला परीक्षेचा रविवार. टेकडीवर ही गर्दी! फाटकाशी मुलं कमी, आईबाप जास्त. कुणी पोराच्या तोंडाशी पाण्याची बाटली लावतोय, कुणी शेवटचं सूत्र कानात सांगतोय, एक आजोबा नातवाचे खांदे चेपतायत, कुस्तीला सोडायचाय जणू! फाटकावरचा वॉचमन एकसारखा ओरडतोय, ‘फक्त मुलं! फक्त मुलं! दुसरी घंटा झाली की फाटक बंद, मग मंत्री आला तरी उघडणार नाही!’ मुंगी रांगेत पुढे. तिच्या पुढे टॉपर. आणि पहिली घंटा झाली, मागून रेटा आला, कुणाचं तरी दप्तर टॉपरच्या तोंडावर आपटलं आणि तिचा चष्मा उडाला! खडीत पडला. काच निघाली, फ्रेमचा स्क्रू गेला. आणि त्या खडीत तो स्क्रू शोधायचा म्हणजे… अहो, भिंग लावून सापडला नसता! औषधवाल्या बाई गुडघ्यावर बसून खडी उपसायला लागल्या, साडीचं भान नाही, ‘देवा, देवा’ चाललंय. आणि ती टॉपर… एवढी हुशार पोर… दोन्ही हात पुढे धरून नुसती उभी. रडायचा आवाजसुद्धा नाही, नुसतं पाणी.

आमच्या शेजारी ते विम्याचे एजंट. माझ्या कानाशी आले, ‘साहेब, एक गेली की एक जागा.’ मी म्हटलं, ‘अहो, तिला दिसत नाहीये!’ तर म्हणाले, ‘कागद नाकाशी धरून वाचेल की!’ नाकाशी! अहो, मायनसचा नंबर असता तर वाचला असता नाकाशी धरून, हिचा प्लसचा आहे, मोठा! कागद जितका जवळ आणाल तितकी अक्षरं विरघळणार! हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला माहीत होतं, आणि तीच माझी पंचाईत. तेवढ्यात हिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, पुटपुटली, ‘तुम्ही मध्ये पडू नका.’

आणि तुम्हाला सांगतो, मीही क्षणभर नाही पडलो मध्ये. मी पण हिशेब केला! एक पोरगी कमी, म्हणजे मुंगी एक पायरी वर. केला हिशेब! मग? माणूस आहे मी, बाप आहे! मी तिकडे झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागलो. आणि बघतो तर मुंगी रांग सोडून परत आलेली. म्हणाली, ‘बाबा, तिचा चष्मा.’

बस, एवढंच. ‘बाबा, पाणी’ म्हणावं तसं. ‘दुरुस्त कराल का’ नाही, ‘प्लीज’ नाही. तिला शंकाच नव्हती हो! माझा बाप चष्मेवाला आहे, चष्मा मोडलाय, दोन आणि दोन चार! आता त्या पोरीच्या नजरेला नजर देऊन मी काय सांगायचं होतं? एक गेली की एक जागा?

बसलो तिथेच फाटकात! मुद्दाम फाटकाला पाठ लावून बसलो, म्हणजे बंद करायचं झालं तर आधी मला उचलावं लागेल. माझा चष्मा काढला. तीच फ्रेम, तोच स्क्रू. पण स्क्रूड्रायव्हर कुठाय? दुकानात! मी ओरडलो, ‘बारीक पट्टी द्या कुणीतरी! नखं घासायची! काहीही!’ आणि ती पट्टी कुणाच्या पर्समधून निघाली, विचारा! विचारा की! हिच्या! आमच्या हिच्या! जिनं आत्ता चिमटा काढला होता, तिनंच पर्स उघडली, इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्या हातात पट्टी ठेवली. तोंड फिरवून ठेवली, पण ठेवली! हे ती आता सोयीस्कर विसरते.

वॉचमन डोक्यावर उभा, ‘ओ, उठा! दुसरी घंटा होतेय! फाटक बंद करायचंय!’ मी म्हटलं, ‘कर! बघू कसा करतोस ते!’ ‘साहेबांना बोलावू?’ ‘बोलाव! त्यांचा चष्मा सैल असेल तर तोही आवळून देतो!’ पट्टीच्या कोपऱ्यानं माझा स्क्रू काढला, तिची काच बसवली, फ्रेम दाबली, स्क्रू फिरवला… आणि चष्मा त्या पोरीच्या नाकावर ठेवला. तिनं डोळे मिचकावले आणि पहिलं काय म्हणाली, तर ‘काका, तुम्हाला आता दिसतंय का?’ मुंगीनं तिचा हात धरला आणि दोघी पळाल्या आत. घंटा वाजली. मी उठलो. मला अजिबात पश्चात्ताप नव्हता!

दिसत मात्र काहीच नव्हतं. माझा नंबर मायनसचा, त्यामुळे हाताच्या पलीकडचं सगळं जग म्हणजे नुसते रंग. पेपर सुटल्यावर मुलांचा लोंढा बाहेर आला, मी मोठ्या प्रेमानं पुढे झालो, एकीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, ‘कसा गेला गं पेपर?’ तर ती म्हणाली, ‘काका, मी मुलगा आहे.’ हिनं मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

मग निकाल. शाळेतून फोन आला, हिनं घेतला, ‘हो… हो… अच्छा…’ आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की चष्मा नसता तरी मला दिसलं असतं. मुंगी प्रतीक्षा यादीत पहिली! म्हणजे शेवटच्या जागेच्या एक पायरी खाली! आणि टॉपर? टॉपर आत! क्लासच्या सरांनी लगेच फोन करून मला गणित समजावलं, ‘एक स्क्रू, एक जागा. सोपं आहे.’ विम्याचे एजंट दुकानात येऊन सांत्वन करून गेले, ‘मी म्हटलं नव्हतं का साहेब?’ सासूबाईंचा फोन आला, त्यांनी हिला विचारलं, ‘जावई पहिल्यापासूनच असे आहेत का गं?’

आणि मुंगी? मुंगीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिचं झालं ना?’ मी म्हटलं, ‘झालं.’ ‘बरं,’ म्हणाली. आणि खोलीत गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी दुकानात जाऊन नुसता बसलो. समोर अक्षरांचा बोर्ड, आणि त्यावरचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर… तेसुद्धा पुसट दिसायला लागलं. नंबर नव्हता हो वाढला माझा. मी विचार केला, आपण दुसऱ्याच्या पोरीचं बघितलं, आपल्या पोरीचं बघायचं कुणी? केला विचार. सगळ्या बाजूनं केला. आणि शेवटी म्हटलं, उद्या परत तसंच झालं तर काय करशील? तर परत फाटकात बसेन! पश्चात्ताप नाही म्हणजे नाही! आणि असता, तरी तो मी ह्या लोकांना दाखवला नसता!

शाळा सुरू झाली. यादी काही पुढे सरकली नाही, तिथे जागा मिळालेला कोण सोडतो? मुंगी आपली जुन्याच शाळेत, रस्ता ओलांडून. पण गंमत बघा, एवढा रगडलेला अभ्यास वाया कुठे जातो? पहिल्या चाचणीत मुंगी वर्गात पहिली! आयुष्यात पहिल्यांदा! ही पोस्टात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटली, रजिस्टर करायला आलेल्यालाही सांगितलं, पार्सल न्यायला आलेल्यालाही सांगितलं. माझ्याशीसुद्धा बोलायला लागली. मी म्हटलं, चला, सुटलो!

आणि एका दुपारी औषधवाल्या बाई दुकानात आल्या. मला वाटलं, चष्म्याचं काही असेल. तर खुर्चीत बसल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या मुलीच्या शाळेत जागा असेल का हो एक?’ मी म्हटलं, ‘कुणासाठी?’ त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, ‘तिथे सगळेच टॉपर आहेत हो. हिला कुणी ओळखतच नाही. डबा तसाच परत आणते. परवा म्हणाली, आई, मला त्या मुलीच्या शाळेत घाल, जी माझ्यासाठी रांगेतून परत आली.’

मीच मुख्याध्यापकांना फोन लावून दिला. आणि टेकडीवर चौकशी केली, म्हटलं, आता जागा रिकामी झाली ना, आमची यादीत पहिली आहे! तर तिथून गोड आवाज आला, ‘सॉरी, प्रतीक्षा यादी मागच्याच आठवड्यात रद्द झाली. ती जागा ह्या वर्षी रिकामीच राहील.’ रिकामी! ऐकताय ना? ज्या जागेवरून माझ्या घरात एवढं रामायण झालं, त्या जागेवर आता कुणीच बसत नाही!

मुंगी मात्र उड्या मारत घरी आली. ‘बाबा, बाबा! टॉपर आमच्या वर्गात आली! माझ्याच बाकावर! आता मला पहिलं यायला नको!’ एवढी खूश ती पहिली आल्यावरसुद्धा नव्हती! आणि शब्दाला पक्की निघाली पोरगी, दुसऱ्या चाचणीत दुसरी आली.

आता रोज संध्याकाळी दोघी आमच्याच टेबलावर अभ्यासाला. आमची ही दोघींना खायला देते, मुंगीसमोर गणिताचं पुस्तक सरकवते, आणि त्या टॉपरच्या पाठीवरून मोठ्या मायेनं हात फिरवून म्हणते, ‘किती गं अभ्यास करतेस तू बाळ! डोळ्यांना त्रास होईल. जा, जरा बाहेर जाऊन खेळ!’ आणि माझ्याकडे वळून, ‘सांगा ना हो तिला! तुमचं ऐकेल ती!’ मग सांगतो. काय करणार? डोळ्यांना चांगलं असतं, म्हणून सांगतो. ऐकते हो ती, गुणी पोर आहे, लगेच उठते… आणि जाताना मुंगीलाही घेऊन जाते. टेबलाशी उरतो आम्ही दोघं. ही पुस्तक मिटते, मी चहा टाकतो.